निर्लेखनाची सही करण्यापूर्वी संगणकाचे कॅबिनेट उघडा : खान्देशातील शाळांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समित्यांचे पदाधिकारी,
तसेच शिक्षण विभाग, जिल्हा परिषद जळगाव, धुळे व नंदुरबार

विषय : विंडोज १० ची मुदत संपली या एकाच कारणावरून शाळांतील संगणक निर्लेखित न करण्याबाबत (निकामी ठरवून नोंदवहीतून काढून न टाकण्याबाबत).

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार. जळगावात गेली वीस वर्षे माझे संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान आहे आणि रावेरपासून शिरपूरपर्यंतच्या बऱ्याच शाळांच्या संगणक खोल्या मी आतून पाहिल्या आहेत. दिवाळीनंतर दुकानात येणारे निम्मे मुख्याध्यापक एकच वाक्य घेऊन येतात : "विंडोज दहा बंद झाले, मशीन भंगारात काढायची आहेत, नव्यांचे कोटेशन द्या, मार्चअखेर आहे." कोटेशन देणे हा माझा धंदा आहे आणि नवे संगणक विकून मला दुरुस्तीपेक्षा अधिक पैसे मिळतात, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे या पत्रात माझा स्वार्थ शोधण्याचे आपले श्रम वाचतील. जडवस्तू नोंदवहीतल्या ज्या संगणकांपुढे 'निकामी' असा शेरा पडतो, त्यांपैकी बरेचसे निकामी नसतात आणि त्यांच्या जागी नवे घेण्यासाठी हे वर्ष फार वाईट आहे, एवढे मला सांगायचे आहे.

प्रथम, नेमके काय बंद झाले ते पाहू. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवसानंतर एकही संगणक बंद पडला नाही व पडणारही नाही. फक्त दर महिन्याला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या. आपल्याकडच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराला पावसाळ्याआधी दरवर्षी खारी माती टाकावी लागते. एका वर्षी ती टाकली नाही म्हणून घर त्याच दिवशी खाली बसत नाही, पण पुढच्या प्रत्येक पावसात कुठेतरी ठिबकू लागते, आणि गळती नेमकी धान्याच्या कोठीवर आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. विंडोज १० ची आज तीच अवस्था आहे. विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांचे व शिक्षकांच्या वेतनाचे काम ज्या संगणकावर चालते, त्यावर ती तशीच चालू ठेवावी असे मी म्हणणार नाही. मात्र गळणारे धाबे दुरुस्त करता येते, त्यासाठी भिंती पाडाव्या लागत नाहीत.

मग सरळ विंडोज ११ टाकावी, असे कोणीही म्हणेल. त्यात अडचण अशी की विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. आठवी पिढी २०१७ मध्ये आली आणि मी पाहिलेल्या शाळांतील बहुतेक संगणक त्याआधीचे आहेत. आपल्या संगणकाची पिढी ओळखणे सोपे आहे. विंडोजची कळ व आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत 'एमएसइन्फो३२' हे इंग्रजी अक्षरांत टाइप केले की प्रोसेसरचे नाव दिसते. आय३ नंतरचा आकडा ४१३० असेल तर चौथी पिढी, १०१०० असेल तर दहावी. नियम चुकवून जुन्या संगणकावरही विंडोज ११ बसवून देणारे लोक आहेत, कारण ते जमते. पण मायक्रोसॉफ्ट अशा संगणकाची जबाबदारी घेत नाही आणि दरवर्षी येणारी नवी आवृत्ती त्यावर आपोआप पोहोचत नाही, म्हणजे दरवर्षी पुन्हा त्याच माणसाला बोलवावे लागते. घरच्या संगणकापुरते ते ठीक आहे. शाळेने त्या फंदात पडू नये.

विंडोज १० वरच राहायचे असेल तर वाढीव मुदतीची सुरक्षा योजना आहे. घरगुती संगणकांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. शिक्षणसंस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने प्रति संगणक पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा दर ठेवला आहे. इतका स्वस्त मार्ग असून तो आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांच्यापुढे दुसराच प्रश्न उभा राहतो : संगणकावरची विंडोज मुळात अधिकृत आहे का? याचे उत्तर आपण आणि मी दोघेही जाणतो. पेनड्राइव्हमधून 'ॲक्टिव्हेट' करून दिलेल्या विंडोजमध्ये ते ॲक्टिव्हेट करणारे साधन चालावे म्हणून सर्वांत आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. पहारेकऱ्याला सुट्टी देऊनच जे घरात शिरते, त्याने आत आणखी काय ठेवले आहे हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

हे वर्ष खरेदीसाठी वाईट का, ते आता सांगतो. जगातील बहुतांश रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती मेमरी, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड डेटा सेंटरना वेगळ्या, महागड्या प्रकारची मेमरी लागते. तिच्यात नफा अधिक असल्याने कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि आपल्यासारख्यांच्या साध्या रॅमचा तुटवडा झाला. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव ज्या वेगाने चढले, तसे मी माझ्या धंद्यात पाहिले नव्हते, आणि त्यांच्यामागून एसएसडीचेही (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान साठवणीचेही) भाव वाढले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने सामान्य ग्राहकांना थेट माल विकणारा आपला क्रूशियल हा जुना ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले. मार्चअखेरच्या कोटेशनांत याचा परिणाम किमतीपेक्षा मालाच्या दर्जात दिसतो, कारण आपले अंदाजपत्रक जुन्याच दराचे असते आणि विक्रेता त्याच रकमेत बसवण्यासाठी आतले काहीतरी कमी करतो. म्हणून कोटेशनवर नुसते 'आय३, ८ जीबी' असे असेल तर ते परत पाठवा. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, रॅम डीडीआर४ की त्यापुढची डीडीआर५, ती वाढवण्यासाठी मदरबोर्डवर (आतल्या मुख्य पाटीवर) एक तरी खाच रिकामी आहे का, एसएसडी किती जीबीची आणि वॉरंटी संपूर्ण संगणकाची की फक्त सुट्या भागांची, हे सर्व लिहून मागवा. पिढीचा उल्लेख टाळणारे कोटेशन मी तरी संशयानेच वाचतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गेल्या वर्षी यावल तालुक्यातील एका शाळेने मला दहा संगणक 'पूर्ण मृत' असल्याचा दाखला देण्यासाठी बोलावले होते. कापूस जिनिंगच्या पट्ट्यातले गाव, खोलीला पत्र्याचे छप्पर, खिडक्यांना जाळी नाही. कॅबिनेट उघडल्यावर आत धूळ आणि सरकीवरच्या तंतूंचा असा थर होता की प्रोसेसरवरचा पंखा गोधडी पांघरून बसल्यासारखा दिसत होता. एका पॉवर सप्लायमध्ये पालीने संसार थाटला होता. शाळेचा शिपाई शेजारी उभा राहून अहिराणीत म्हणाला, "भाऊ, हाई आते काय कामनं शे?" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दहापैकी सात संगणक सुरू झाले आणि त्यासाठी लागलेला खर्च दाखल्याच्या माझ्या फीपेक्षा कमी होता.

त्यांत काय बिघडले होते ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याही शाळेत हेच असण्याची शक्यता मोठी आहे. चार संगणकांत मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली होती. वीज नसताना घड्याळ आणि मूळ सेटिंग सांभाळणे एवढेच तिचे काम. ती संपली की संगणक सुरू करताच पडद्यावर 'एफ१ दाबा' असे येते, तारीख दहा-पंधरा वर्षे मागे जाते, आणि मग ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडवतो. कारण संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची तारीख आणि संगणकाची तारीख जुळत नाही. शिक्षकांनी दोन वर्षे इंटरनेट कंपनीला दोष दिला होता. घड्याळाच्या दुकानातही मिळणारी ही बॅटरी बदलून तारीख दुरुस्त केली की झाले. दोन संगणक सुरू करताना नुसतेच बीप करत होते. त्यांची रॅम काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच पुसले आणि पुन्हा खाचेत खट् असा आवाज येईपर्यंत बसवली. सातवा वारंवार बंद पडायचा. त्याच्या प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर काढायला मदत करणारा लेप) वाळून खडू झाली होती.

उष्णतेबद्दल थोडे थांबून बोलणे भाग आहे. भुसावळ-जळगावचा मे महिना कसा असतो, ते आपणास सांगायला नको. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर बंद होतो. पत्र्याच्या खोलीतली हवाच ४५ अंशांवर असेल तर धुळीने बुजलेला पंखा काय करणार? ज्या संगणकाला आपण 'म्हातारा झाला, हळू चालतो' म्हणतो, तो पुष्कळदा फक्त तापलेला असतो. म्हणून संगणकांची सफाई जूनमध्ये शाळा उघडल्यावर करण्याची प्रथा मोडून ती मार्चमध्ये करावी. सफाईपूर्वी वायर काढावी, ब्लोअरने हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते बेफाम फिरून बेअरिंग खराब होते, आणि ओल्या फडक्याने आतले काहीही पुसू नये.

यानंतरही संगणक मंद वाटेल, कारण खरा मंदपणा हार्ड डिस्कमध्ये असतो. तिच्यात फिरती तबकडी असते आणि तिच्यावरून माहिती शोधणाऱ्या दांड्याला प्रत्येक वेळी जागेवर पोहोचण्यासाठी सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. संगणक सुरू होताना अशा हजारो फेऱ्या होतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने हा वेळ जवळजवळ नाहीसा होतो. पाच मिनिटे घेणारा संगणक अर्ध्या मिनिटात उघडताना पाहून मुले अजूनही टाळ्या वाजवतात आणि मलाही ते आवडते. प्रयोगशाळेच्या कामासाठी २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी पुरेशी आहे. पण विकत घेताना एक काळजी घ्या. चोपड्याकडच्या एका शाळेने स्वस्तात मिळाल्या म्हणून बारा एनव्हीएमई एसएसडी आणल्या. त्या च्युइंगगमच्या पट्टीसारख्या असतात आणि त्यांना मदरबोर्डवर एम.२ नावाची खाच लागते. शाळेचे संगणक दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे, एच६१ मदरबोर्डचे. खाच कुठून येणार? बारा पट्ट्या आजही कपाटात आहेत. जुन्या संगणकाला अडीच इंची साटा एसएसडीच मागा. एच६१ चा साटा वेग जुना असल्याने एसएसडी तिथे पूर्ण ताकदीने चालणार नाही, असे कोणी सांगेल आणि ते खरेही आहे. तरीही शोधण्याचा तो वेळ वाचतोच आणि खरा फरक त्यानेच पडतो.

आता प्रश्न उरतो तो प्रणालीचा, म्हणजे विंडोजच्या जागी काय चालवायचे याचा. प्रयोगशाळेतील, म्हणजे मुलांच्या वापरातील, सर्व जुन्या संगणकांवर लिनक्स मिंट ही लिनक्स प्रकारातली प्रणाली बसवावी, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. ती मोफत आहे, मिंटच्या २२ या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत आणि ४ जीबी रॅममध्ये ती नीट चालते. तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती तर त्याहून जुन्या संगणकांनाही चालते. लिहिण्यासाठी लिबरऑफिस, लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस आणि प्रोग्रामिंगसाठी स्क्रॅच हे सर्व तिच्यावर मिळते. लिनक्स म्हणजे इंजिनिअरांचे काम, ही समजूत काढून टाकण्यासाठी केरळचे उदाहरण पुरे आहे. तिथे २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने पुढे सरकारी शाळांत मुक्त प्रणाली आणली आणि आज काईट ही राज्याची संस्था उबंटू या लिनक्सवर आधारलेली आपली स्वतःची प्रणाली शाळांना देते. तिथली मुले लिनक्सवर शिकतात, मग आपल्या धडगाव-मोलगीच्या मुलांना ती जड जाईल असे का मानावे?

आपल्या मनात लगेच येणारी शंका कार्यालयीन कामाची असणार. सरल, यूडायस प्लस आणि शालार्थ या शासकीय संकेतस्थळांवरची कामे ब्राउझरमधूनच होतात, त्यामुळे ती लिनक्सवरही उघडतात. पण सर्वच सुरळीत होईल असे मी म्हणत नाही. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर चालणार नाही, डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल त्रास देऊ शकते आणि काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सला दाद देत नाहीत. म्हणून कार्यालयातील एक-दोन संगणक अधिकृत विंडोज ११ चेच असावेत आणि नवी खरेदी करायचीच असेल तर ती तेवढीच करावी. आणखी एक अडचण शुद्ध मराठी आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे आणि ठरावांचे जुने नमुने बहुतेक शाळांत युनिकोडपूर्व (सर्व संगणकांवर सारखीच दिसणारी युनिकोड ही अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फाँटमध्ये टाइप केलेले आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि दोष लिनक्सला मिळतो. दोष फाइलचा आहे. नव्या विंडोजवरही तेच होईल. या निमित्ताने ते नमुने एकदा युनिकोडमध्ये करून घ्यावेत. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स दोन्हींत सारखाच असल्याने एकदा बसलेला हात दोन्हीकडे चालतो.

बसवण्यापूर्वी चाचणी घेण्याची सोयही आहे. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट तयार करून संगणक त्यावरून सुरू करता येतो आणि हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, ध्वनी व प्रिंटर चालतात का ते पाहता येते. जाता जाता सांगतो, पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फाइलींचे 'शॉर्टकट' करून टाकणारा तो व्हायरस, ज्याने आपल्याकडच्या किती शिक्षकांचे निकाल गिळले असतील देव जाणे, लिनक्सवर चालत नाही. उलट ज्या फाइली गेल्या असे आपल्याला वाटते, त्या तिथे बहुधा जशाच्या तशा दिसतात, कारण व्हायरसने त्या फक्त लपवलेल्या असतात.

विजेचा विषय मी टाळणार होतो, कारण तो शाळेच्या हातात पूर्णपणे नाही. पण अर्थिंग हातात आहे. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे होत असेल तर ती 'थोडीशी स्टॅटिक' नसते. पॉवर सप्लायमधील फिल्टरचे कपॅसिटर अर्थिंग नसताना पत्र्यावर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब आणून ठेवतात. प्रवाह अगदी थोडा असतो, तरी उन्हाळ्यात घामेजलेल्या मुलांच्या हातांना तो जाणवतो आणि मदरबोर्डलाही सोसत नाही. वायरमनकडून न्यूट्रल व अर्थ यांमधील दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आहे असे समजून आधी तो दुरुस्त करावा. यूपीएसला लेझर प्रिंटर कधीही जोडू नये. यूपीएसमधील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत संपते. तेव्हा बॅटरी बदलावी, यूपीएस नव्हे.

जे संगणक खरोखरच गेले आहेत, त्यांच्या हार्ड डिस्क काढून घेतल्याशिवाय ते कोणालाही देऊ नयेत. फाइल पुसल्याने किंवा साध्या फॉरमॅटने विद्यार्थ्यांची माहिती जात नाही, ती परत काढता येते. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत. त्यांनुसार हे सामान नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हवे, दारावर येणाऱ्या भंगारवाल्याकडे नाही.

तिन्ही जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांना माझी विनंती अशी आहे की, संगणकाच्या निर्लेखन प्रस्तावासोबत कॅबिनेट उघडून केलेल्या तपासणीचा एक पानी अहवाल सक्तीचा करावा. त्यात बॅटरी, रॅम, पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क आणि प्रोसेसरची पिढी यांची नोंद असावी. केवळ 'विंडोज १० कालबाह्य' हे कारण ग्राह्य धरू नये. दुरुस्ती आणि एसएसडीचा खर्च नव्या खरेदीच्या शीर्षाखाली बसत नाही म्हणून शाळा दुरुस्ती टाळून खरेदीच करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्याबाबत लेखा विभागाकडून स्पष्ट सूचना निघाल्यास मुख्याध्यापकांची भीती जाईल.

मुख्याध्यापकांना आणि समित्यांना एवढेच सांगणे आहे की या महिन्यातील एका शनिवारी दुपारी सर्वांत वाईट वाटणारा एक संगणक उघडावा. गावातील संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला सोबत बसवावे आणि आठवी-नववीच्या चार विद्यार्थ्यांनाही, कारण पुढच्या वर्षी खोडरबर आणि बॅटरीचे काम तीच मुले करतील. तो संगणक सुरू झाला तर बाकीच्यांची यादी करावी. सुरू झाला नाही आणि यावल, चोपडा, रावेर किंवा जळगाव तालुक्यातील आपली शाळा असेल, तर मार्चअखेरपर्यंतच्या रविवारी मी येऊन पाहीन. तपासणीचे पैसे घेणार नाही, आणि जो खरोखर उठणार नाही, त्याच्या निर्लेखनाचा अहवाल मी स्वतः लिहून सही करून देईन.

आपला नम्र,
जळगावातील एक संगणक दुरुस्ती करणारा